तोळ्याला तीनशे फोन

महोदय,

जुन्या मोबाइलमधून, मदरबोर्डमधून घरच्या घरी सोनं काढा, असे व्हिडिओ हल्ली पोरांच्या फोनवर सारखे फिरत असतात. आमच्या गिरगावातल्या चाळीतही ती लागण झाली आहे. मी मूळचा सांगलीतल्या विट्याकडचा. सगळी हयात झवेरी बाजारात गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या भट्टीपुढे गेली, म्हणून लिहितो.

सोनं असतं, ती थाप नाही. कनेक्टरच्या पिनांवर असतं, रॅमच्या कडेच्या पट्ट्यांवर असतं, चिपच्या आतल्या बारीक तारांतही असतं. खाणीत टनाला चार-पाच ग्रॅम निघालं तरी खाण चालते. टनभर मोबाइलमध्ये त्याच्या कितीतरी पट सापडेल. पण टनभर मोबाइल आणणार कुठून? एका फोनला तीस-पस्तीस मिलिग्रॅम धरले तर दहा ग्रॅमच्या तोळ्याला तीनशे फोन फोडावे लागतात, तेही कण न् कण हाती लागला तर. बरणीत आम्ल ओतून सुटतो तो फक्त वरचा मुलामा, आणि तो बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. चिपच्या पोटातलं सोनं आणि कपॅसिटरमधलं पॅलेडियम हा महाग धातू कचऱ्यातच जातं. बेल्जियममधल्या होबोकेन गावच्या कारखान्यासारख्या ठिकाणी अख्खे बोर्ड भट्टीत जातात. वितळलेलं तांबं सोनं आपल्यात ओढून घेतं, मग ते वेगळं करतात. ते काम स्टोव्हवर होत नाही.

आमच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या एका पोराने गच्चीवर हा उद्योग केला आणि वाटाण्याएवढा पिवळा गोळा घेऊन आला. "काका, कस बघा ना." कसोटीच्या दगडावर ओढला, काडीने तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा थेंब लावला. रेघ हिरवी पडली, फसफसली. पुसली तर दगड कोरा. सगळं तांबं-पितळ. पोरगं हुशार, लगेच विचारलं की मग सोनं गेलं कुठे? बहुतेक मोरीत, म्हटलं. त्याच्या बोटांवर पिवळे डाग पडले होते. तेजाबाचा डाग साबणाने निघत नाही, कातडी सोलून निघते तेव्हाच जातो.

डागाचं एक वेळ ठीक आहे, धुराचं काय? तेजाबातून तांबूस वाफ उठते, ती छातीत गेली की थोडा खोकला येतो आणि थांबतो. माणूस जेवून झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. आमच्या गलाईत धुराडं असतं, तरी माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचे पुढचे दात आम्लाने झिजलेले आहेत. (त्या धुराड्यांवर काळबादेवीतले रहिवासी चिडतात, ते काही उगाच नाही.) शिवाय उरलेलं पाणी जातं सामाईक मोरीत. त्यात तांबं, शिसं, आणि तिथे कुणी ब्लीचिंग टाकून ठेवलं असेल तर क्लोरिन वायू.

आम्ल विकताना ओळखपत्र बघा, नोंदवही ठेवा, अठराच्या आतल्याला देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच बजावलं आहे. आमच्या पोराला एका दुकानात नाव न विचारता बाटली मिळाली. पोलिसांनी अधूनमधून या नोंदवह्या उघडून बघायला काय हरकत आहे?

तरी सगळा दोष पोरांच्या माथी मारणं मला पटत नाही. भंगारवाला बंद फोनचे चहापुरते पैसे देतो आणि तोच बोर्ड पुढे कुर्ला, साकीनाका करत कुठल्यातरी गाळ्यात जाळला जातो. हे लोकांना कळतं. मग 'आपणच काढू' असं वाटणारच. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर ती परत गोळा होऊन नोंदणीकृत कारखान्यात जाण्याची जबाबदारी आहे. मग कंपन्यांकडून खर्च घेऊन महापालिकेने प्रत्येक वॉर्डात एक कायमची खिडकी उघडावी. ई-कचऱ्याची गाडी एखाद्या रविवारी येऊन गेली, त्याचा उपयोग नाही. फोन, रॅम, मदरबोर्ड यांचा किलोचा दर बाहेर फळ्यावर लिहिलेला असावा, झवेरी बाजारात रोजचा भाव लिहितात तसा. वजन गिऱ्हाइकासमोर व्हावं, पावती मिळावी. आणि खिडकी रात्री नऊपर्यंत उघडी असावी, नाहीतर नोकरदार माणूस तिथे पोचणार कधी?

— एक निवृत्त गलाई कारागीर, गिरगाव, मुंबई