श्रेय एकट्या ड्यूईंचे नव्हे

‘लकी’ लुचियानोवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. १९३६ मध्ये या सिसिलीत जन्मलेल्या टोळीप्रमुखाला वेश्याव्यवसायाच्या धंद्याबद्दल ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली, याचे सारे श्रेय लेखात सरकारी वकील थॉमस ड्यूई यांना दिले आहे. न्यूयॉर्कमधील वेश्याव्यवसायाच्या खटल्यांत बायका वेगवेगळ्या, पण वकील आणि जामीनदार मात्र ठरावीकच, हे हेरले ते त्यांच्या सहकारी युनिस कार्टर यांनी. या कृष्णवर्णीय वकील महिलेचे लेखात नावही नाही. जिवावर उदार होऊन साक्ष देणाऱ्या स्त्रियाही लेखातून गायब! ड्यूईंनीच पुढे गव्हर्नर म्हणून १९४६ मध्ये लुचियानोची शिक्षा कमी केली आणि त्याची इटलीला रवानगी झाली, हेही नमूद व्हायला हवे होते.

– एक वाचक, नाशिक