जागा नव्हे, तास मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नोकरी करणाऱ्या पालकांच्या मुलांना सांभाळण्याची पुरेशी सोय असावी, ही इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाची, म्हणजे काउन्सिलची, कायदेशीर जबाबदारी आहे. २००६च्या बालसंगोपन कायद्याने १४ वर्षांपर्यंतच्या आणि दिव्यांग असल्यास १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, वाजवी रीतीने शक्य असेल तितकी, ती काउन्सिलवर टाकली आहे. काउन्सिलने स्वतः पाळणाघर चालवायचे ते शेवटचा उपाय म्हणून. एरवी खासगी व सेवाभावी संस्थांकडून सोय उभी करायची आणि ती पुरते की नाही, याचा अहवाल दरवर्षी लोकप्रतिनिधींपुढे ठेवायचा.

माझी तक्रार या अहवालांतील मोजणीविषयी आहे. तिथल्या एका पाळणाघरात मी काही वर्षे काम केले. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक सेविका हवी, हा तिथला नियम अगदी योग्य आहे. परंतु बारा बाळांच्या खोलीला चारऐवजी दोनच सेविका मिळाल्या, तर सहाच बाळे घेता येतात आणि कागदावर जागा मात्र बाराच राहतात. त्या सहा रिकाम्या पाळण्यांच्या आधारे ‘जागा शिल्लक आहेत’ असे लिहिणे, ही प्रतीक्षायादीतल्या आईची फसवणूक आहे. तुटपुंज्या पगारावर सेविका टिकत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वेळेचेही तेच. सप्टेंबर २०२५पासून पात्र पालकांना बाळ नऊ महिन्यांचे झाल्यापासून आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मिळतात, पण वर्षातले ३८ आठवडेच. तेच तास वर्षभर पुरवून वापरले, तर आठवड्याला जेमतेम २२ उरतात. पहाटे साफसफाईला किंवा रात्रपाळीला जाणाऱ्यांच्या वेळेत तर बहुतेक पाळणाघरांना कुलूपच असते. आमचे सहाला बंद होई. कोट-बूट घालून दाराशी बसलेली एक चिमुरडी प्रत्येक पावलाच्या आवाजाला मान वर करी. तिची आई धापा टाकत येई, आधी माझी माफी मागे आणि मगच लेकीला उचलून घेई.

म्हणून प्रत्येक जागेपुढे ती प्रत्यक्षात कोणत्या वेळी, किती सेविकांच्या बळावर उपलब्ध आहे, हे नोंदवणे बंधनकारक करावे. शिवाय सोय न मिळाल्याने ज्या आयांनी नोकरीच सोडली, त्यांची नावे कोणत्याच प्रतीक्षायादीत सापडत नाहीत. ही मोजणी त्यांच्या दारापर्यंत गेली पाहिजे.

आपली विश्वासू,
एक माजी पाळणाघर-सेविका