ती ओळ खोडणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही तुम्हाला आठवत असू की नाही, शंकाच आहे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये सर्जरीच्या वॉर्डात, खिडकीकडच्या कॉटवर माझे वडील होते. नाकात नळी, हाताला सलाइन, गळ्यात तुळशीची माळ. वॉर्डातले मामा त्यांना 'माउली' म्हणायचे, ते ऐकून तुम्हीही माउलीच म्हणायला लागलात. डिस्चार्ज मिळाला तेव्हा तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये होतात, भेट झाली नाही. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

आबांचं दुखणं तसं जुनं. लग्नाकार्याचं तेलातुपाचं जेवण झालं की रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठायची, खांद्यापर्यंत जायची आणि पहाटेपर्यंत आपोआप थांबायची. तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलं की एक इंजेक्शन, उपाशीपोटी घ्यायची एक गोळी आणि 'तिखट कमी करा' हे ठरलेलं. पोटाला हात लावून बघायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. सोनोग्राफी तर लांबच. भाऊबंदांचे सल्ले वेगळेच. एकाने ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायला सांगितलं, पित्ताशयातले हिरवे खडे पडतात म्हणे. (ते खडे नसतात, त्या तेलाचाच पोटात साबण होऊन गोळे बनतात, हे नंतर तुम्हीच सांगितलंत.)

मग ती रात्र आली. दुखणं या वेळी बरगडीखाली नव्हतं, पोटाच्या वरच्या भागात मधोमध होतं आणि आरपार पाठीत जात होतं. आबांना आडवं होता येईना. मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसले आणि ओकत राहिले. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिपेज (स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढतं ते) हजाराच्या वर गेलेलं. ते पाहून तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रोज घेता की आठवड्यातून?" नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. आबा म्हणाले, "मी माळकरी आहे." डॉक्टर हसले. "सगळे असंच म्हणतात." आणि सोलापूरला पाठवताना चिठ्ठीवर दारूचं व्यसन लिहून मोकळे झाले.

स्वादुपिंडाला सूज येण्याची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू, हे आता मलासुद्धा पाठ झालंय. मग धोतर नेसलेला, उन्हानं रापलेला शेतकरी समोर आला की दारूच आधी का सुचते? खडे आहेत का हे बघायला लागते ती साधी सोनोग्राफी. काही तास उपाशी बसवून वीस मिनिटांचं काम.

चिठ्ठीवरचं ते तुमच्याकडच्या केसपेपरवरही उतरलं होतं. सकाळच्या राउंडला कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं, सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तोंडाने काही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही, याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. जन्मभर एकादश्या केलेला माणूस. पण दुपारी ते आईला म्हणाले, "माळ काढून पिशवीत ठेव. लोक म्हणतील, माळ घालून पितो."

आईचा हात माळेला लागलेला असतानाच तुम्ही आलात. काय चाललंय विचारलंत. स्टूल ओढून बसलात आणि सगळं पहिल्यापासून विचारलंत: दुखणं कधीपासून, काय खाल्ल्यावर, कुठून कुठे जातं. दारूचंही विचारलंत, पण विचारून उत्तराची वाट पाहिलीत. सोनोग्राफीत बारीक बारीक खडे दिसलेच होते. तुम्ही फाइल मांडीवर घेतलीत, त्या ओळीवर एक सरळ रेघ मारलीत, शेजारी बरोबर काय ते लिहिलंत, सही केलीत, तारीख आणि वेळ टाकलीत. मग फाइल आबांच्या समोर धरलीत. आबा चौथी शिकलेले, इंग्रजी येत नाही. तुम्ही प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मराठीत वाचून दाखवलंत. "माउली, हे खड्यामुळे झालंय. दारूमुळे नाही. आता कुणीही फाइल उघडली तरी हेच वाचेल."

दुसऱ्या दिवशीच्या राउंडला तुम्ही तेच मोठ्या सरांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत. त्यानंतर आबांनी नर्सबाईंना पहिल्यांदा नाव विचारलं, गाव विचारलं. इंजेक्शनांचा गुण होताच, नाही म्हणत नाही, पण माणूस माणसात आला तो त्या राउंडनंतर.

आणखी एक सांगायचंय. शेजारच्या कॉटवर तो तरुण पोरगा होता, त्याला हेच दुखणं दारूमुळे झालं होतं. मला वाटलं होतं, त्याला तुम्ही झापणार. तुम्ही त्याच्यासाठीही तसंच स्टूल ओढलंत, तसंच विचारलंत, त्याच्या बायकोला बाजूला नेऊन कुठे मदत मिळेल ते सांगितलंत. आबा निर्व्यसनी निघाले म्हणून मान मिळाला असं नव्हतं तर. आम्ही दारूवरून एवढं मनाला लावून घेतलं, त्यात त्या पोराकडे बघायची आमची नजरही साफ नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. छत्तीस तासांची ड्यूटी करूनही ज्यांच्या बोलण्यात तुसडेपणा येत नाही, अशी माणसं सरकारी दवाखान्यात असतात. बातमी मात्र दुसऱ्यांचीच होते.

बारीक खडाच जास्त वाईट, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. मोठा पित्ताशयात पडून राहतो, बारीक घसरून नळीत येतो. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र उघडते तिथे तो अडकला की स्वादुपिंडाचा पाचक रस स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. सूज उतरल्यावर घरी न पाठवता त्याच वेळी दुर्बिणीतून पित्ताशय काढलंत, पुन्हा खडा अडकायला नको म्हणून. भारतात हे ऑपरेशन असं पहिल्यांदा डॉ. तेहेमटन उदवाडियांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. मध्ये केलं, हे तुम्ही सांगितल्यावर आबा म्हणाले, "म्हंजे सरकारी दवाखान्यातच की!"

आबा आता भाकरी खातात, रानात जातात आणि गावात भेटेल त्याला खड्यांवर प्रवचन देतात. त्यांनी आत्याला धरून सोनोग्राफीला नेलं, तिलाही खडे निघाले. पण तिला काही त्रास नाही. त्रास नसेल तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, हे तुमचंच वाक्य सांगून त्यांनीच तिला धीर दिला.

थंडीत आमच्या रानात गूळभेंडीचा हुरडा असतो. रेसिडेंटला सुट्टी मिळत नाही हे बघितलंय, तरी एक रविवार काढा. त्या मामांनाही घेऊन या.

तुमच्या माउलींची लेक