वेचणीच्या हंगामाआधी : मनोरुग्णांची काळजी वाहणाऱ्या घरांसाठी मदतीचे आवाहन

समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींना, तसेच नोकरीधंद्यानिमित्त नागपूर-पुण्यास स्थायिक झालेल्या आपल्या गावकऱ्यांना सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरणारी मनोरुग्णांच्या घरच्यांची बैठक आपणांस ठाऊक आहेच. तिचे श्रेय निःसंशय आपल्या गुरुजींचे. स्वतःच्या धाकट्या भावाचा स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास व संशयाचा मनोविकार, त्यांनी शाळा आणि वावर सांभाळून उभा जन्म निभावला, आणि आजाऱ्यासाठी निदान दवाखाना तरी आहे, त्याच्या घरच्यांना मात्र मन मोकळे करायला कुणाचा ओटाही नाही, हे त्यांनीच आम्हांस प्रथम दाखवून दिले. वेशीजवळच्या किराणा दुकानाच्या शेठजींनी पहिल्या बैठकीपासून चहा-साखरेचा हिशेब कधी मागितला नाही. बचत गटाच्या ताईंनी पोळ्याच्या सणातही आळीपाळीने रुग्णांजवळ बसून चार माउलींना माहेरी जाऊन येऊ दिले. दिवंगत काकूंनी पेन्शनमधून दरमहा दिलेली रक्कम लहान होती, पण ती एकदाही चुकली नाही; त्यांच्या पश्चात ती जागा रिकामीच आहे, हे नमूद करताना वाईट वाटते.

स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि पुढे वर्षानुवर्षे सोबत राहतो, त्यामुळे तो सांभाळणारे हात बहुतेक घरी आईचेच असतात, आणि तेही म्हातारे होत चाललेले. सुरुवातीची वर्षे ‘बाहेरचे झाले’ म्हणून देवऋषीकडे जातात व गाठीचा पैसा तेथेच संपतो. आम्ही कोणाच्या श्रद्धेला नावे ठेवत नाही. परंतु तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले, ही घटना विसरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तरीही वेचणीला जाणारी आई बाहेरून कडी लावून जाते, तेव्हा तिला दोष देण्याआधी त्या घरी दिवसभर बसायला आपल्यापैकी कोण गेले होते, हे स्वतःस विचारावे.

सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात, हे खरे. पण त्या आणायला एक दिवसाची मजुरी बुडते, रुग्णासोबत दुसरा माणूस लागतो, आणि गर्दीच्या एसटीत रुग्ण बिथरला तर अर्ध्या वाटेत उतरावे लागते. स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिन हे औषध सुरू केलेल्या रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला तपासाव्या लागतात. लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेणाऱ्याचीही रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. बरे वाटले म्हणून किंवा भाड्याला पैसे नाहीत म्हणून गोळी थांबली की आजार बहुधा उलटतो आणि प्रकरण थेट नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत जाते. गाडीभाड्याचे काही शे रुपये वाचवायला जावे आणि घरचे दोन जीव महिनाभर अडकून पडावेत, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असूनही प्रमाणपत्राच्या कागदांसाठी होणारे हेलपाटे वेगळेच.

मागील वर्षीही आम्ही असेच पत्रक घरोघरी वाटले होते. भंडाऱ्याची वर्गणी दोन दिवसांत पूर्ण झाली, त्याचा आनंद आम्हांसही आहे. आमच्या पेटीत मात्र महिनाभरात जे जमले ते सांगण्यासारखे नव्हते. एका सद्गृहस्थांनी तर ‘वेड्यांसाठी कशाला?’ असे दारातच विचारले. ज्या माउलीने ते ऐकले ती पुढील दोन बैठकींना आली नाही. असो.

यंदा वेचणी सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टी हव्यात. पहिली, आठवड्यातून अर्धा दिवस रुग्णाजवळ बसू शकतील अशी माणसे. त्यांना कसे बोलावे, काय टाळावे आणि रुग्ण बिथरला तर कोणास कळवावे, हे गुरुजी व आपल्या उपकेंद्राच्या सिस्टर आधी समजावून सांगतील. रुग्णाचे नाव बाहेर बोलणाऱ्याने कृपया पुढे येऊ नये. दुसरी, महिन्यातून दोनदा जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत जीप ठरवण्यापुरता निधी. जीपमालक भाऊ भाडे घेणार नाहीत, फक्त डिझेलचा खर्च आपला.

देणगी वाचनालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत पावती घेऊनच द्यावी. धान्य, तूरडाळ चालेल, जुने कपडे नकोत. बाहेरगावच्या मंडळींनी घरच्यांमार्फत पाठवावे. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. देणाऱ्याची इच्छा नसल्यास नाव लिहिले जाणार नाही. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज भासल्यास सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. बसणाऱ्यांची नावे येत्या रविवारच्या बैठकीपूर्वी कळावीत. यादी त्याच दिवशी ठरेल.

आपला,
सचिव, सार्वजनिक वाचनालय
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)