डोव्हटेल सांधा : खरा वेळ जुळवणीचा

महोदय,
राउटर (लाकूड कोरणारे विजेचे यंत्र) हाती आला की डोव्हटेल सांधा (दोन फळ्यांचे पसरट दात एकमेकांत अडकवून केलेला जोड) तासाभरात होतो, असे हौशी सुतारकामावरच्या लेखांत सर्रास वाचायला मिळते. होतो, पण जिगची, म्हणजे फळ्या पकडून राउटरला वाट दाखवणाऱ्या साच्याची, जुळवणी झाल्यानंतर. त्या जुळवणीबद्दल मात्र चकार शब्द नसतो.

ड्रॉवरच्या दर्शनी बाजूने न दिसणाऱ्या डोव्हटेलला सहसा 12.7 मिमी व्यासाचे, 14 अंशांचे बिट (राउटरचे फिरणारे पाते) लागते. ड्रॉवरची बाजूची फळी जिगमध्ये उभी आणि दर्शनी फळी आडवी पकडायची, तीही दोन्हींचे आतले पृष्ठभाग आपल्याला दिसतील असे. नवखे इथेच फसतात. हे बिट साध्या बिटासारखे टप्प्याटप्प्याने खोल नेता येत नाही. खोली सुरुवातीलाच पूर्ण ठेवावी लागते. सांधा सैल वाटला तर बिट किंचित खाली न्यावे, घट्ट वाटला तर वर घ्यावे. पाव मिमीनेही फरक पडतो, म्हणून त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर आधी चाचणी घ्यावी.

उभ्या फळीच्या कपच्या उडू नयेत यासाठी प्रथम उजवीकडून डावीकडे जेमतेम एक मिमीचा काप घ्यावा, मग डावीकडून उजवीकडे पूर्ण. बिट फिरत असताना राउटर कधीही वर उचलू नये. बिटाचे रुंद टोक सांधा आणि टेम्प्लेट (जिगवरची दातेरी पट्टी) दोन्ही कापून टाकते. गॉगल आणि कानांचे संरक्षण तर हवेच.

अशा लेखांत तयार ड्रॉवरच्या फोटोशेजारी बिटाचा व्यास, कोन आणि खोलीही छापावी, ही विनंती.

– सुतारकाम शिकवणारे काही वाचक