सभासदांसाठी सूचना : रविवारी उपासनेनंतर थांबावं

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी ऊसतोडीला आलेलं एक कुटुंब मागच्या बाकावर बसलं होतं. आशीर्वाद झाला, आपण ओळखीच्यांत रमलो, आणि ती माणसं कुणाशीही न बोलता निघून गेली. मनाला फार लागलं. त्यांना साधं नावही विचारलं नाही आपण.

येत्या रविवारी सगळ्यांनी चहाला थांबावं. ओढ्यापलीकडे ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, घोंगड्या, मुलांचे स्वेटर कोण नेणार आणि आजाऱ्यांना दवाखान्यात कोण सोबत करणार, ते ठरवायचं आहे. मदत सगळ्याच कोप्यांना, धर्म कोणताही असो. देताना फोटो काढू नयेत. ‘उपासनेला या’ अशी अट तर मुळीच नको.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या, शेकडो निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या आणि केडगावी त्यांना हक्काचं घर दिलं. आपल्याला फक्त ओढ्यापलीकडे जायचं आहे.

घोंगड्या शनिवारी संध्याकाळपर्यंत कार्यालयात द्याव्यात. धुतलेल्या, धड असाव्यात. आपण स्वतः पांघरू अशाच.

– सेक्रेटरी, मंडळी समिती