अहवाल आधी त्या घरी वाचून दाखवा

मा. संपादक,
स. न.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मुलांना आता ‘दडपशाहीविरोधी कार्यपद्धती’ शिकवतात. क्षेत्रकार्याला, म्हणजे वस्तीवर प्रत्यक्ष काम शिकायला आलेल्या दोन मुलींनी परवा मला वहीत एकात एक तीन वर्तुळं काढून दाखवली. आत माणसाचा स्वतःचा पूर्वग्रह, त्याभोवती संस्कृतीचा, सगळ्यांत बाहेर रचनेतच बसलेला अन्याय. नील थॉम्पसन या ब्रिटिश अभ्यासकाची ही मांडणी. पटली मला. पण त्या बाहेरच्या वर्तुळात कागद-पेन घेऊन आपणच उभे असतो, हे उमगायला माझी निम्मी नोकरी गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मी औसा तालुक्यात सर्वेक्षणाला होते. बावन्न गावं नव्या जागी वसवायची होती आणि घराचं माप जमिनीवरून ठरलं होतं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांच्या वर असेल त्याला ७५०. आठ माणसांच्या घरातली एक म्हातारी मला म्हणाली, “बाई, आमची मान्सं काय बारकी हायत व्हय?” मी म्हणाले, “मावशी, नियम आहे.” माझ्या मनात भेदभाव नव्हता. तिच्या घरचं पाणी मी प्यायले होते, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

पुढे बीड जिल्ह्यात धारूरकडे ऊसतोड कुटुंबांत काम केलं. एका बाईच्या फाइलीत मी लिहून ठेवलं होतं, ‘बैठकांना गैरहजर. सहकार्य करत नाही.’ बैठक सकाळी अकराला असायची. एकदा तिच्या ओट्यावर बसून ती फाइल तिला वाचून दाखवली. ती चिडली नाही. म्हणाली, “ताई, रोज बुडतो म्हनून लिव्हा की. सहकार्य नाही असं कामून लिव्हलं?” मागच्या हंगामाची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटले नव्हते, म्हणून ती गावात आल्यावरही लोकांच्या रानात खुरपायला जात होती. मी तिच्यासमोर ती ओळ खोडली. बैठक रात्री आठला नेली. ती आली, आणि मुकादमाचा हिशेब, खाडा पडला तर कापला जाणारा दंड, गर्भपिशवी काढलेल्या दोन जावा, असं एकेक बोलत गेली. माझ्या छापील फॉर्ममध्ये यातल्या कशालाच रकाना नव्हता.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आम्ही कित्येक वर्षं त्याच घरांत जात होतो. आमच्या फायलींत ‘आजार’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ होती.

संस्थांबद्दल फार लिहीत नाही. वस्तीवर उन्हातान्हात फिरणारीला मानधन आणि ऑफिसात बसणाऱ्याला पगार, एवढं सांगितलं तरी जाणकारांना पुरे.

महाविद्यालयांना मात्र एक विचारायचं आहे. दसरा-दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात, परततात ते उन्हाळ्याच्या तोंडाला. तुमच्या क्षेत्रकार्याचे बरेचसे दिवस त्याच महिन्यांत येतात. मुलांना गावात भेटतात म्हातारीकोतारी, शाळकरी पोरं आणि ज्यांना ऊस तोडायला जावं लागत नाही ती घरं. अहवालात ‘ग्रामस्थांचे मत’ म्हणून उतरतं ते त्या शेवटच्या घरांचं. वेळापत्रक करताना हे कुणाच्या ध्यानात कसं येत नाही?

वेळापत्रक बदलायला विद्यापीठ लागेल, पण एक गोष्ट याच वर्षी करता येईल. विद्यार्थ्याने ज्या घराबद्दल लिहिलं, त्या घरी जाऊन, गाईडकडे देण्याआधी, तो अहवाल वाचून दाखवावा. (खासगी बाब चारचौघांत वाचायची नाही, हे वेगळं सांगायला नको.) घरच्यांनी सांगितलेली दुरुस्ती त्याच पानावर वेगळ्या शाईत राहू द्यावी आणि गाईडने ती पाहूनच गुण द्यावेत. बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाचायचं तर त्यांच्या गोरमाटी बोलीत सांगणारी तिथलीच एखादी मुलगी सोबत घ्यावी, आणि तिला त्या दिवसाचा रोज द्यावा.

आपली,
एक निवृत्त कार्यकर्ती
औसा, जि. लातूर